पहिली कथा दिवाळी अंकात, मग पुस्तक: नवलेखकांसाठी टप्प्याटप्प्याने

माझी पहिली कथा छापून यायला तीन वर्षं लागली. त्यातली पहिली दोन वर्षं कथा कच्ची होती म्हणून वाया गेली नाहीत, मला रीत माहीत नव्हती म्हणून गेली. ऑगस्टमध्ये दिवाळी अंकाला कथा पाठवली. विज्ञानविषयक लेख छापणाऱ्या मासिकाला कौटुंबिक कथा पाठवली. एकदा तर मजकुरावर फोन नंबर लिहायचाच राहिला. या गोष्टी कुणी सांगत नाही. ज्यांना माहीत असतात त्यांना त्या सांगण्याजोग्या वाटत नाहीत, आणि नव्या माणसाला विचारायचं कुणाला हेच कळत नाही. म्हणून मला जे उमगलं ते क्रमाने लिहिते आहे. मी कथा लिहिते, त्यामुळे उदाहरणं कथेची आहेत, पण कविता किंवा ललित लेखाची वाटही फारशी वेगळी नाही.

पुढे जाण्याआधी एक आग्रहाचं सांगणं: पुस्तकाची घाई करू नका. आधी सुट्या कथा नियतकालिकांत येऊ द्या. तिथे तुमच्या मजकुरावर एका परक्या, वाचणाऱ्या माणसाचा हात फिरतो. तो हात फिरायच्या आत पुस्तक काढलं की त्यातल्या चुका कायमच्या तुमच्या नावावर राहतात.

१. पाठवण्याआधी अंक वाचा

‘मनोरंजन’ मासिकाच्या काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली पहिला दिवाळी अंक काढला. तेव्हापासून मराठी कथेचं हे मोठं अंगण आहे. दरवर्षी शेकडो अंक निघतात आणि प्रत्येकाची चव वेगळी असते. एखाद्याला दीर्घकथा लागते, एखादा दोन हजार शब्दांच्या वर जात नाही, एखादा विनोदालाच वाहिलेला असतो, तर एखाद्यात कथा नसतातच, सगळा अंक रिपोर्ताज आणि मुलाखतींचा.

तुमच्या गावच्या वाचनालयात जा. जुने दिवाळी अंक बहुतेक ठिकाणी कपाटात गठ्ठे बांधून ठेवलेले असतात, ग्रंथपालांना विचारलं की काढून देतात. एकाच अंकाची तीन वर्षं समोर ठेवा आणि अनुक्रमणिकेत तुम्ही कधीच ऐकली नाहीत अशी नावं किती आहेत ते मोजा. तिन्ही वर्षी तीच ती दहा मोठी नावं असतील तर तो अंक मागवून घेतलेल्या लेखनावर चालतो, तिथे तुमची कथा वाचली जाण्याची शक्यता कमी. दोन-चार अनोळखी नावं दिसली तर तो पत्ता वहीत टिपून घ्या. संपादकीय पानावर ‘लेखकांसाठी सूचना’ असतील तर त्यांचा फोटो काढा.

दिवाळी अंकच कशाला हवा? वर्षभर चालणारी नियतकालिकं आहेत. साने गुरुजींनी १९४८ मध्ये सुरू केलेलं ‘साधना’ साप्ताहिक आहे. फक्त कवितेला वाहिलेलं ‘कविता-रती’ धुळ्याहून पुरुषोत्तम पाटील यांनी १९८५ मध्ये सुरू केलं. मुलांसाठी लिहीत असाल तर बालभारतीचं ‘किशोर’ मासिक १९७१ पासून निघतं आहे. शिवाय वर्तमानपत्रांच्या रविवार पुरवण्या आहेत, पण तिथे जागा मोजकी, त्यामुळे शब्दमर्यादा काटेकोर पाळावी लागते.

२. मजकूर युनिकोडमध्येच टाइप करा

हा टप्पा कंटाळवाणा वाटेल, पण माझं सगळ्यात जास्त नुकसान इथेच झालं आहे.

कथा युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही संगणकावर तशीच वाचता येईल अशा अक्षरांत, टाइप करा. मोबाइलवरचा मराठी कळफलक किंवा संगणकावरचा इनस्क्रिप्ट, दोन्ही चालतात. गावातल्या डीटीपीवाल्याकडून टाइप करून घेणार असाल तर त्याला आधीच सांगा की श्रीलिपी, कृतिदेव अशा जुन्या फाँटमधली फाइल नको. तो फाँट संपादकाच्या संगणकावर नसेल तर तुमच्या कथेऐवजी त्यांना इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा चिखल दिसतो, आणि ती फाइल लगेच बंद होते.

उलटा धोकाही आहे. तुम्ही युनिकोडमध्ये पाठवलेला मजकूर छपाईसाठी पुन्हा जुन्या फाँटमध्ये बदलला जातो तेव्हा काही जोडाक्षरं घरंगळतात. माझ्या एका कथेत नायक सह्याद्रीच्या दऱ्यांत भटकतो. छापून आलं ‘सह्याद्रीच्या दर्यांत’. ‘ऱ्य’चा ‘र्य’ झाला आणि माझा नायक डोंगर सोडून समुद्रात उतरला. एका वाचकाने पत्र लिहून विचारलं की हे प्रतीक आहे का. तेव्हापासून ज्या शब्दांत असा अर्धा र येतो (दऱ्या, आचाऱ्यांना, कऱ्हाड, वऱ्हाडी) त्यांची यादी मी मजकुरासोबतच एका वेगळ्या कागदावर देते. संपादकांना त्याचा राग येत नाही, उलट बरं वाटतं.

म्हणून दोन फाइली पाठवा: एक वर्डची, जिच्यातून मजकूर घेता येईल, आणि एक पीडीएफ, जिच्यात तो मुळात कसा दिसतो हे ताडून पाहता येईल.

शुद्धलेखनाचं काय? मराठी साहित्य महामंडळाचे लेखनविषयक नियम एकूण १८ आहेत: १४ नियम १९६२ मध्ये शासनाने स्वीकारले आणि १९७२ मध्ये त्यांत आणखी ४ आले. ते एकदा शांतपणे वाचून काढा. पात्रांच्या तोंडी बोलीभाषा असेल तर ती बोलीच राहू द्या, पण निवेदनातल्या ‘आणि’चा ‘आणी’ झालेला असला की वाचणारा पहिल्या पानावरच सावध होतो.

३. वेळ सांभाळा

दिवाळी अंक ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये हातात पडतो, पण त्याची आखणी उन्हाळ्यातच सुरू झालेली असते. जून-जुलैपर्यंत बहुतेकांचा मजकूर ठरत येतो, त्यानंतर चित्रं, मांडणी, प्रूफं (छपाईआधी तपासायची पानं) आणि जाहिराती. माझा अनुभव असा की कथा एप्रिल-मेमध्ये पोहोचलेली बरी. तेव्हा संपादकांच्या टेबलावर गर्दी कमी असते आणि ते शांतपणे वाचू शकतात. गणपतीच्या सुमारास पाठवलेली कथा चांगली असली तरी तिला जागाच उरलेली नसते.

४. पाकिटात किंवा ईमेलमध्ये काय काय असावं

- कथा, पानांना क्रमांक घातलेली. टपालाने पाठवत असाल तर कागदाच्या एकाच बाजूला, दोन ओळींत मोकळं अंतर सोडून.
- पहिल्या पानावर शीर्षक, तुमचं नाव, पूर्ण पत्ता, मोबाइल, ईमेल आणि शब्दसंख्या. टोपणनाव असेल तर खरं नावही, कारण मानधनाचा धनादेश खऱ्या नावाने निघतो.
- चार-पाच ओळींचं पत्र. त्यात कथेचा सारांश नको, स्तुती नको. ‘ही कथा पूर्वी कुठेही प्रसिद्ध झालेली नाही आणि सध्या अन्यत्र विचारार्थ पाठवलेली नाही’ हे वाक्य मात्र हवंच.
- चार ओळींचा परिचय. पूर्वी काही छापून आलं नसेल तर तसं लिहायला लाजू नका. काय करता, कुठे राहता, एवढं पुरतं.
- कथा निवडली गेल्यावर बहुधा बँकेचा तपशील आणि पॅन मागतात. ते आधीच पाठवू नका.

मूळ प्रत कधीही देऊ नका. हाताने लिहीत असाल तर आधी झेरॉक्स काढा.

कथा आधी समाजमाध्यमांवर किंवा प्रतिलिपीसारख्या ॲपवर टाकली असेल तर अनेक संपादक ती ‘पूर्वप्रसिद्ध’ धरतात. ज्या कथेकडून तुमची अपेक्षा आहे ती आधी नियतकालिकाला पाठवा. इतरांना वाचायला द्यायचीच असेल तर दोन विश्वासू वाचकांना द्या.

५. पाठवल्यावर वहीत नोंद करा

एक वही करा आणि तीत पाच रकाने आखा: कथेचं नाव, कुठे पाठवली, तारीख, कधी विचारणा केली, काय उत्तर आलं. मी ही वही ठेवत नव्हते, आणि त्यातूनच माझ्या हातून सगळ्यात मोठी चूक झाली. एका अंकाकडून चार महिने उत्तर नव्हतं, म्हणून तीच कथा मी दुसरीकडे पाठवली आणि विसरून गेले. दोघांनीही ती घेतली, आणि दोघांचीही पानं लागली. एका संपादकांना फोन करून कथा मागे घ्यावी लागली, तेव्हा ते एवढंच म्हणाले, “ताई, आता ही आठ पानं मी कशानं भरू?” त्या अंकाला पुन्हा कथा पाठवायचा धीर मला चार वर्षं झाला नाही.

तीन महिने वाट पाहा. मग एक छोटी, नम्र ईमेल करा. त्यानंतर महिनाभरातही उत्तर आलं नाही तर ‘कथा परत घेत आहे’ असं लेखी कळवा आणि मगच दुसरीकडे पाठवा. उत्तर न येणं हाच पुष्कळदा नकार असतो, हे मनाला पटायला वेळ लागतो. अनेक अंक एक-दोन माणसं आपली नोकरी सांभाळून काढतात, त्यामुळे प्रत्येकाला कळवणं त्यांना खरोखरच जमत नाही. तुमच्या कथेचा अपमान करावा असं त्यात काही नसतं.

६. संपादकाने बदल सुचवले तर

माझी एक कथा पावसाच्या वर्णनाने सुरू होत होती. दोन परिच्छेद नुसता पाऊस: पन्हळ, चिखल, भिजलेली गुरं. त्या परिच्छेदांवर मी आठवडाभर खपले होते. कथा टपालाने परत आली ती पेन्सिलीच्या खुणांसह. दोन्ही परिच्छेदांवर एक लांब तिरपी रेघ होती आणि तिसऱ्या परिच्छेदातल्या ‘अण्णांनी कुलूप लावलं आणि किल्ली विहिरीत टाकली’ या वाक्यासमोर समासात बारीक अक्षरात लिहिलं होतं, ‘इथून सुरू करा.’

मला दोन दिवस राग आला. तिसऱ्या दिवशी मी कथा तिथून सुरू करून मोठ्याने वाचली. पाऊस गेला नव्हता, तो पुढच्या वाक्यांत आपोआप येत होता, कारण विहीर काठोकाठ भरलेली होती. हे मला एकटीला दहा वर्षांत दिसलं नसतं.

म्हणून बदल सुचवले गेले तर आधी आनंद माना. जी कथा घ्यायचीच नाही तिच्यावर कुणी पेन्सिल झिजवत नाही. जे पटेल ते करा, जे पटत नाही ते का पटत नाही हे एका वाक्यात कळवा. कथेचा शेवट किंवा पात्राची जातकुळी बदलायला सांगितली आणि तुम्हाला ते मान्य नसेल, तर कथा परत मागण्याचा तुम्हाला पूर्ण अधिकार आहे.

७. छापून आल्यावर

लेखकाला अंकाची एक प्रत मिळते, ती आली नाही तर मागा. मानधन सगळीकडे मिळत नाही, काही ठिकाणी अगदी थोडं मिळतं. पण ‘मानधनाची पद्धत काय आहे?’ असं निवड झाल्यावर विचारण्यात काहीच वावगं नाही. आपण बायका हे विचारायला विशेष कचरतो, म्हणून मुद्दाम लिहिते.

कथा अंकात आली म्हणजे ती अंकाची झाली असं होत नाही. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे स्वतंत्रपणे लिहिणारा लेखकच त्याच्या लेखनाचा पहिला मालक असतो, आणि मालकी दुसऱ्याला द्यायची तर ती लेखी आणि सहीनिशीच द्यावी लागते. पुढे हीच कथा तुमच्या संग्रहात घ्यायला तुम्ही मोकळे असता. संग्रहात ‘पूर्वप्रसिद्धी’ म्हणून अंकाचं नाव आणि वर्ष द्यावं, हा शिष्टाचार आहे.

८. संग्रह कधी आणि कुणाकडे

दहा-बारा कथा झाल्या, त्यांतल्या निम्म्या तरी कुठे ना कुठे छापून आल्या, की संग्रहाचा विचार करा. प्रकाशक पुस्तकाचा हिशेब ‘फॉर्म’मध्ये करतात. एक फॉर्म म्हणजे १६ पानं. १० फॉर्मचं पुस्तक म्हणजे १६० पानं. तुमचं हस्तलिखित साधारण किती फॉर्मचं होईल हे सांगता आलं तर बोलणं सोपं होतं.

प्रकाशक निवडण्याची पद्धत अंकासारखीच. ज्यांची कथासंग्रहाची पुस्तकं तुम्ही स्वतः वाचली आहेत, ज्यांचं प्रूफ स्वच्छ असतं, त्यांची यादी करा. आधी पत्र, परिचय आणि दोन उत्तम कथा पाठवा, मागितल्यावरच पूर्ण संग्रह. थोरामोठ्यांची प्रस्तावना मिळवण्यामागे वर्ष घालवू नका.

दोन सरकारी वाटा नव्या लेखकांना फारशा ठाऊक नसतात. महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना पहिल्या पुस्तकासाठी आहे. हस्तलिखितं मागवली जातात, तज्ज्ञांकडून वाचून घेतली जातात आणि निवडलेल्यांच्या प्रकाशनाला अनुदान मिळतं. अर्जाची मुदत आणि नियम मंडळाच्या संकेतस्थळावरच्या चालू वर्षाच्या जाहिरातीतूनच घ्या, कुणाच्या जुन्या फॉरवर्डवर विसंबू नका. दुसरी, साहित्य अकादेमीची ‘नवोदय’ योजना. तिच्यात ३५ वर्षांखालील लेखकांचं पहिलं पुस्तक प्रकाशित केलं जातं.

९. पैसे मागितले तर

इथे थांबून नीट वाचा. नवा लेखक सगळ्यात जास्त इथेच फसतो.

‘तुमचं लेखन अप्रतिम आहे, आम्हाला ते प्रकाशित करायचं आहे’ असा फोन येतो. दुसऱ्या फोनवर ‘थोडा सहभाग’ द्यावा लागेल असं कळतं. माझ्या एका मैत्रिणीने यासाठी मुदत ठेव मोडली. पाचशे प्रती छापू असं ठरलं होतं. घरी दोनशे प्रतींची खोकी आली, बाकीच्या ‘वितरणाला’ गेल्या म्हणाले. दोन वर्षांत एकाही विक्रेत्याकडे तिला आपलं पुस्तक दिसलं नाही. शीर्षकपानावर तिच्या आडनावात काना राहिला होता. ती त्या प्रती अजूनही कुणाला भेट देत नाही.

स्वतःच्या पैशाने पुस्तक काढणं यात लाजण्यासारखं काही नाही. पण आपण काय विकत घेतो आहोत हे कळलं पाहिजे. पैसे देण्याआधी हे लेखी विचारा: प्रती नेमक्या किती आणि छापखान्याचं बिल दाखवणार का? संपादन आणि मुद्रितशोधन कोण करणार? कोणत्या विक्रेत्यांकडे पुस्तक ठेवणार? विक्रीचा हिशेब किती महिन्यांनी? उरलेल्या प्रती आणि छपाईची फाइल कुणाची? या प्रश्नांवर ‘आमच्यावर विश्वास नाही का?’ असं उत्तर आलं तर तिथून उठा.

याच घरातली आणखी दोन माणसं: प्रत्येक कवीकडून पैसे घेऊन काढलेले ‘प्रातिनिधिक’ संग्रह, आणि प्रवेशशुल्क भरून मिळणारे साहित्य पुरस्कार. सन्मानचिन्ह भिंतीवर लागतं, पण त्यांत तुमचं लेखन कुणी वाचलेलं नसतं.

१०. करार

तोंडी बोलण्यावर पुस्तक देऊ नका, प्रकाशक कितीही सज्जन असले तरी. करारात कोणतं पुस्तक, कोणते हक्क, किती वर्षांसाठी, कोणत्या प्रदेशासाठी आणि रॉयल्टी, म्हणजे लेखकाला मिळणारा वाटा, किती, एवढं स्पष्ट हवं. मराठीत रॉयल्टी साधारणपणे छापील किमतीच्या दहा टक्क्यांच्या आसपास ठरते. ती विकल्या गेलेल्या प्रतींवर की छापलेल्या प्रतींवर, हे लिहून घ्या.

कायद्यातली तीन कलमं नव्या लेखकाच्या बाजूने उभी आहेत. मुदत लिहिलेली नसेल तर हक्क ५ वर्षांसाठीच दिले असं धरतात. प्रदेश लिहिलेला नसेल तर फक्त भारतापुरते. आणि हक्क घेऊन प्रकाशकाने एका वर्षात ते वापरलेच नाहीत, तर करारात वेगळं काही नमूद नसल्यास ते हक्क संपुष्टात येतात. म्हणूनच काही छापील करारांत ‘कायमस्वरूपी’, ‘संपूर्ण जगासाठी’, ‘सर्व माध्यमांसाठी’ असे शब्द आधीच घालून ठेवलेले असतात. लेखकाचा कॉपीराइट त्याच्या हयातीनंतरही ६० वर्षं टिकतो, तेव्हा ‘कायमस्वरूपी’वर सही करताना तुम्ही नातवंडांचाही हक्क देऊन टाकत असता. अनुवाद, ई-पुस्तक, ऑडिओ आणि चित्रपट हे हक्क शक्यतो स्वतःकडे ठेवा.

११. आयएसबीएन आणि नोंदणी

आयएसबीएन म्हणजे पुस्तकाची ओळख सांगणारा १३ अंकी क्रमांक. तो भारतात राजा राममोहन राय राष्ट्रीय संस्थेकडून मोफत मिळतो. स्वतः पुस्तक काढणारा लेखकही ऑनलाइन अर्ज करू शकतो. ‘आयएसबीएनचे वेगळे पैसे’ कुणी मागितले तर का, ते विचारा. हा क्रमांक म्हणजे कॉपीराइट नव्हे. कॉपीराइट लिहिल्या क्षणापासून तुमचा असतो, नोंदणी ऐच्छिक आहे. साहित्यकृतीच्या नोंदणीचं शुल्क ५०० रुपये आहे. मी सुट्या कथांची करत नाही, संग्रहाची केली.

१२. शेवटचं प्रूफ

प्रूफ नेहमी कागदावर मागा. पडद्यावर आपण आपलंच वाक्य आठवणीतून वाचतो. पट्टी धरून एकेक ओळ वाचा, आणि एक वाचन ज्याने कथा आधी वाचलेली नाही अशा माणसाकडून करून घ्या. सगळ्यात मोठ्या अक्षरांतल्या चुका सगळ्यात उशिरा दिसतात, म्हणून मुखपृष्ठ, पुस्तकाचा कणा, अर्पणपत्रिका आणि अनुक्रमणिकेतले पानांचे आकडे वेगळे तपासा. दुरुस्त्या लाल शाईने समासात करा, सही आणि तारीख घाला, आणि परत देण्याआधी प्रत्येक पानाचा फोटो काढून ठेवा. माझ्या संग्रहाचं प्रूफ आलं तेव्हा मी पहिल्या पानापासून सुरुवात केली नाही. आधी ती कथा उघडली आणि ‘दऱ्यांत’ शोधलं. ‘ऱ्य’ जागेवर होता.